वाळवंटाचा हिशेब

मे महिन्यात सावद्याच्या रस्त्यावर भर दुपारी माणूस दिसत नाही. पारा ४५ अंशांवर जातो, झळा शेवरीच्या कुंपणातून वाट काढून केळीची पाने फाडतात आणि भरात आलेले घड सटकतात. अशा दिवशी पारावर कुणीतरी म्हणतोच, ‘‘खानदेशाचं वाळवंट होणार!’’ हे वाक्य आता आपल्या अंगवळणी पडले आहे. म्हणूनच वाळवंट म्हणजे काय, हे एकदा समजून घ्यायला हवे.

वाळवंट ठरते ते पावसावर. वर्षाला २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडणारा मुलूख म्हणजे वाळवंट, असा भूगोलाचा ढोबळ नियम. बर्फाने झाकलेले अंटार्क्टिकाही त्यामुळे वाळवंटात मोडते. जळगाव जिल्ह्यात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपली जमेची बाजू भक्कम आहे. घोळ आहे तो खर्चात.

वाळवंटातला जीव खर्च सांभाळून जगतो. निवडुंगाने पाने टाकून काटे घेतले. त्याची रंध्रे रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी उडून जात नाही. राजस्थानची खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तिची मुळे पाण्यासाठी खोल खोल जातात. उंटाच्या मदारीत असते चरबी. पाणी वाचते ते घाम टाळल्याने, त्यासाठी तो अंगाचे तापमान चढू देतो. माणसेही तेच शिकली. जैसलमेरकडच्या पालीवालांनी पंधराव्या शतकापासून ‘खडीन’ बांधले. उतारावरचे पाणी बांध घालून अडवायचे, जिरवायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा काढायचा.

आता आपले पासबुक उघडू. उन्हाळ्यात केळीच्या एका वाढलेल्या खोडाला दिवसाला १५ ते २० लिटर पाणी लागते. पाच बाय पाच फुटांवर लागवड धरली, तर हेक्टरी रोजचे ७०-८० हजार लिटर झाले. ठिबक आले, पाटाचे मोकाट पाणी थांबले. पण वाचलेल्या पाण्यावर आपल्यापैकी अनेकांनी नवी लागवड केली.

हे पाणी येते कुठून? सातपुड्यातून उतरणाऱ्या ओढ्यांनी हजारो वर्षे पायथ्याशी गोटे आणि वाळू आणून टाकली. रावेर-यावल पट्ट्यातल्या या थराला भूशास्त्रज्ञ ‘बझाडा’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द अमेरिकेतल्या वाळवंटी डोंगरपायथ्यांवरून आला आहे. हा थर पावसाचे पाणी पितो आणि खाली साठवतो. निसर्गाने फुकट बांधून दिलेले हे धरण. सावदा स्टेशनातून उत्तरेकडे गेलेल्या केळीच्या वॅगनी आणि २०१६ मध्ये जळगावच्या केळीला मिळालेले भौगोलिक मानांकन, सारे या ठेवीवरच उभे आहे. त्या ठेवीतून आपण व्याजाबरोबर मुद्दलही काढतो आहोत.

तापीचे पुराचे पाणी या थरात मुरवण्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी २०२५ मध्ये करार केला. ती योजना व्हावीच. पण भरणारा एक आणि उपसणारे हजार, तर खाते कसे जुळणार? पावसाळा संपला की गावातल्या विहिरींची पातळी चावडीवर लिहावी आणि त्या बेताने लागवड ठरवावी. पाणी मुरवणाऱ्या नाल्यांतले गोटे-वाळू उपसू नये. एवढे तर आपल्या हातात आहे.

थरचा शेतकरी २०० मिलिमीटरच्या आत-बाहेर संसार करतो. त्याच्या तिपटीहून अधिक पाऊस मिळूनही आपली विहीर मे महिन्यात कोरडी पडत असेल, तर दोष आभाळाला कसा द्यायचा?