शिष्यवृत्ती आणि ठिगळांची यंत्रणा

मुलगा वा मुलगी दहावीच्या पुढे शिकू लागली की आपल्या घरात एका अर्जाची चिंता प्रवेश करते. हा अर्ज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा होय. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा त्यात समावेश केला. तेव्हापासून धम्मदीक्षेमुळे केंद्राच्या सवलती हिरावल्या जात नाहीत. कायदा स्पष्ट आहे. अडते ते पुढेच.

महाराष्ट्र शासनाने या कामासाठी ‘महाडीबीटी’ नावाचे संकेतस्थळ उभारले. २०१७-१८ या पहिल्याच वर्षी ते इतके अडखळले की शासनाला पुन्हा कागदी अर्जांचा आश्रय घ्यावा लागला. दोष यंत्राचा, असे म्हणून अधिकारी मोकळे झाले. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. यंत्राच्या मागे जी कार्यालये उभी आहेत, त्यांची जुनी घडी कोणी बदललीच नाही. जुन्या अंगरख्यावर नवे ठिगळ मात्र लावले. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा, उत्पन्नाचा तहसीलदाराचा. छाननी प्रथम महाविद्यालयाच्या लेखनिकाची, मग समाजकल्याण खात्याची. पैसा कोषागाराचा, आणि तो जमा व्हावयाचा आधारशी जोडलेल्या बँकखात्यात. यांपैकी एक दुवा निसटला की अर्ज थांबतो, आणि कोठे थांबला हे सांगण्यास कोणीही बांधलेला नसतो. प्रत्येक जण आपल्यापुरता निर्दोष!

२०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. मधला दलाल गेला, हे चांगलेच झाले. परंतु राज्याने आपला ४० टक्के वाटा दिल्याची खात्री झाल्यावाचून केंद्राचा वाटा सुटत नाही. म्हणजे एका शिष्यवृत्तीचे दोन तुकडे, दोन तारखा. महाविद्यालय मात्र या तारखा जुळण्याची वाट पाहत नाही. प्रवेशाच्या वेळी या विद्यार्थ्यांकडे शुल्क मागू नये असे शासनाने बजावूनही तगादा लागतो, गुणपत्रिका अडवली जाते. दोन सरकारांच्या हिशेबातील विलंबाचे व्याज अशा रीतीने एका मजुराच्या मुलीने भरावयाचे!

नवदीक्षित कुटुंबांना यात एक जादा काटा आहे. आजोबांच्या कागदावर जुनी जात, वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, आणि दीक्षेनंतर कित्येकांनी आडनावही बदललेले. जात पडताळणी समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागते; तेथे निदान माणूस बसलेला असतो, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र त्याला वाचता येते. यंत्राला ते येत नाही. त्याला शाळेच्या दाखल्यावरील, आधारवरील आणि बँकेतील नाव अक्षरशः एक हवे. म्हणून नाव बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवा, आणि तिन्ही ठिकाणची दुरुस्ती प्रवेशाच्या गर्दीपूर्वीच करून घ्या. आधार कोणत्या बँकखात्याशी जोडला आहे तेही विचारा. जुने बंद पडलेले खाते जोडलेले राहिल्यास मंजूर रक्कमही परत जाते.

आता हक्काविषयी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये जात व उत्पन्नाच्या दाखल्यांना मुदत आहे. ती टळल्यास प्रथम अपील, द्वितीय अपील, आणि शेवटी आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु हा कायदा एका सेवेसाठी एका अधिकाऱ्यास जबाबदार धरतो. शिष्यवृत्ती तर पाच कार्यालयांच्या हातून जाते. त्या साऱ्या प्रवासाचा जाब कोणाला विचारावा, याचे उत्तर आजच्या व्यवस्थेत सापडत नाही. अर्ज दाखल झाल्यापासून रक्कम हाती पडेपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात एकच अधिकारी उत्तरदायी असावा आणि त्याचे नाव महाविद्यालयाच्या फलकावर लागावे, ही आमची मागणी आहे.

तोवर तोंडी उत्तरावर विसंबू नका. अर्जाचा क्रमांक व पोच घ्या, ‘त्रुटी’ म्हणून अर्ज परतला तर कारण लेखी मागा, आणि मौन पाळले गेल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज कोणत्या दिनांकास कोणाच्या टेबलावर होता, हे विचारा. त्या अर्जास ३० दिवसांत उत्तर द्यावेच लागते.