कणखरपणा नावाची पळवाट

१९९०-९१च्या मोसमात एनबीए ह्या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत खेळणाऱ्या डेन्व्हर नगेट्स संघाला थट्टेने 'एन्व्हर नगेट्स' म्हटले जाऊ लागले. थट्टा वर्णमालेची आहे. बास्केटबॉलच्या बोलीत बचावाला नुसते 'डी' म्हणतात; ह्या संघापाशी 'डी' नाही, तर तो नावात तरी कशाला ठेवायचा? आकडेही थट्टेच्याच बाजूने होते. २ नोव्हेंबर १९९० रोजी मोसमाच्या पहिल्याच सामन्यात ह्या संघाने घरच्या मैदानावर १५८ गुण केले आणि तरीही तो हरला, कारण गोल्डन स्टेट वॉरियर्सने १६२ केले होते. जादा वेळ न देता संपलेल्या सामन्यात दोन्ही संघांची मिळून एवढी गुणसंख्या एनबीएत अन्यदा झालेली नाही. आठच दिवसांनी फिनिक्स सन्सने ह्या संघाविरुद्ध केवळ पूर्वार्धात १०७ गुण केले आणि सामना १७३-१४३ असा जिंकला. मोसमाअखेर हिशेब झाला तो असा : २० विजय, ६२ पराभव, दर सामन्यात सरासरी ११९.९ गुण केलेले आणि १३०.८ दिलेले. ह्यांतील पहिला आकडा त्या मोसमात सर्वांत मोठा होता. दुसरा एनबीएच्या सबंध इतिहासात सर्वांत मोठा आहे.

ह्या संघाविषयी दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, ह्या खेळाडूंत दम नव्हता. अमेरिकन क्रीडासमीक्षेत 'टफनेस' हा शब्द ज्या सैलपणाने वापरला जातो त्याच सैलपणाने तो येथेही वापरला जातो : हे लोक लेचेपेचे होते, अंगाला अंग भिडवायला तयार नव्हते, म्हणून हरले. दुसरे मत आमच्यासारख्या, साहित्य शिकवून पोट भरणाऱ्या मंडळींना अधिक प्रिय वाटावे असे आहे. त्यानुसार हा संघ म्हणजे एक धाडसी प्रयोग होता. जिंकण्या-हरण्याच्या व्यापारी हिशेबाला त्याने वेगाच्या काव्याने उत्तर दिले. त्याचे अपयश हे भव्य अपयश होते. ही दोन्ही मते परस्परविरोधी भासतात, पण दोन्ही एकाच ठिकाणी चुकतात. ज्यांनी हा संघ असा रचला त्यांच्याकडे दोन्ही मते पाहतच नाहीत. पहिले मत दोष खेळाडूंच्या स्वभावावर ढकलते, दुसरे मत दोषालाच अलंकार मानते. पराभवाची किंमत मात्र दोन्हीकडे तेच खेळाडू मोजतात.

रचना काय होती ते प्रथम पाहू. प्रशिक्षक होते पॉल वेस्टहेड. हे गृहस्थ इंग्रजी साहित्याचे अध्यापक, शेक्सपिअरची वचने सहज तोंडी असणारे. त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. चेंडू हाती आला की सुमारे सात सेकंदांच्या आत तो बास्केटकडे फेकायचा (नियम २४ सेकंदांची मुभा देतो). प्रत्येकाने आपापल्या आखून दिलेल्या मार्गाने धावत सुटायचे. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की सबंध मैदानभर त्याच्यावर दबाव टाकायचा. हा दबाव भेदून प्रतिस्पर्ध्याने सहज गुण मिळवले तरी फारसे बिघडत नाही, कारण चेंडू पुन्हा लवकर आपल्याकडे येतो आणि खेळ आपल्याला हव्या त्या वेगाने चालू राहतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर आहे; त्या विरळ हवेत पाहुण्या संघाची दमछाक होईल, ही आशा ह्या गणितात धरलेली होती.

म्हणजे काही सोपे गुण देऊन टाकणे हे ह्या पद्धतीच्या पोटातच होते. ज्या संघाला 'बचाव जमत नाही' म्हणून हिणवले गेले, त्या संघाच्या योजनेत बचावाला जागाच अपुरी ठेवलेली होती. व्यावसायिक खेळाडू मैदानभरच्या दबावाला गांगरत नाहीत. दोन अचूक पासांत ते तो ओलांडतात, आणि मग पुढे बास्केटखाली एकट्या उरलेल्या बचावपटूवर दोघेतिघे चालून येतात. अशा वेळी त्या एकट्या माणसाने छातीचा कोट केला काय अन् न केला काय! त्याच्यापाशी धैर्य कमी नव्हते, माणसे कमी होती.

येथे कोणी म्हणेल, निदान आक्रमण तरी उत्तम होते ना? सर्वाधिक गुण त्यांचेच होते! हा आकडा फसवा आहे. वेगाने खेळणाऱ्या संघाच्या हाती चेंडू अधिक वेळा येतो, म्हणून गुणही अधिक होतात. प्रत्येक वेळी चेंडू हाती आल्यावर सरासरी किती गुण झाले, असा हिशेब मांडला तर डेन्व्हरचे आक्रमण त्या मोसमात सरासरीच्याही खाली होते, आणि त्याच मापाने बचाव सर्वांत वाईट होता. घाईने फेकलेला चेंडू चुकला की परतून बचाव उभारायला अवधी उरत नाही. वाईट आक्रमण आणि वाईट बचाव ह्या दोन व्याधी नव्हत्या, एकाच घाईची ती दोन टोके होती. 'वेगाचे काव्य' म्हणणाऱ्यांनी निदान एवढा छंदाचा हिशेब तपासायला हवा होता.

वेग हाच गुन्हा, असे मात्र मला म्हणायचे नाही. ह्याच शहराचा हाच संघ डग मो ह्या प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षे वेगवान खेळ खेळला आणि १९८२ ते १९९० अशी सलग नऊ वर्षे बाद फेरीत पोहोचला. १९८९-९०मध्ये त्याने ४३ सामने जिंकले होते. मग १९९०च्या उन्हाळ्यात काय झाले? फॅट लिव्हर ह्या गार्डला डॅलसला देऊन बदल्यात भावी निवडीचे हक्क घेण्यात आले. हा खेळाडू त्या संघातील सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक होता. अनेक वर्षे गुणांचा भार वाहिलेले अ‍ॅलेक्स इंग्लिशही गेले. उंच सेंटर डॅनी शेझ मिलवॉकीला गेला. सप्टेंबरमध्ये, मोसम तोंडावर आलेला असताना, मो ह्यांनाही हटवण्यात आले. घराच्या भिंती काढून घ्यायच्या आणि मग आत राहणारे थंडीने कुडकुडतात म्हणून त्यांना नाजूक ठरवायचे, अशातला हा प्रकार आहे.

'कणखरपणा' हा शब्द किती बेभरवशाचा आहे हे पाहायचे तर त्याआधीच्या सहासात महिन्यांत डोकवावे. वेस्टहेड त्यापूर्वी लॉस अँजेलिसमधील लोयोला मेरीमाउंट ह्या विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते. पद्धत हीच होती. १९८९-९०मध्ये त्या संघाने सामन्यामागे १२२.४ गुण केले. ४ मार्च १९९० रोजी त्या संघाचा हँक गॅदर्स हा खेळाडू सामना चालू असताना मैदानावर कोसळला आणि हृदयविकाराने मरण पावला. तो २३ वर्षांचा होता. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच त्याचे सहकारी राष्ट्रीय स्पर्धेत उतरले. गॅदर्सचा मित्र बो किंबल उजव्या हाताचा खेळाडू. पण मित्राची आठवण म्हणून त्याने आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकला. त्या मुलांनी गतविजेत्या मिशिगनला १४९-११५ असे हरवले. त्या मुलांना लेचेपेचे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही, आणि ते योग्यच होते. पण त्यांच्या पद्धतीतही प्रतिस्पर्ध्याला सोपे गुण मिळतच होते! पद्धत एकच, जिंकले तेव्हा ते शूर, हरले तेव्हा ते दुबळे. निकाल पाहून मग स्वभाव शोधायचा, ह्याला समीक्षा म्हणत नाहीत.

ह्या स्पर्धेचा शेवटही विसरू नये. उपांत्य फेरीच्या दारात त्या संघाची गाठ नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगसच्या संघाशी पडली. तो संघ तितक्याच वेगाने धावू शकत होता आणि वर बचावही करत होता. निकाल १३१-१०१. पुढे विजेतेपदही त्यानेच मिळवले. म्हणजे तोलामोलाचे धावपटू समोर आले की ही पद्धत कोठे उघडी पडते, ह्याचा पुरावा वेस्टहेड ह्यांची डेन्व्हरला नेमणूक होण्यापूर्वीच उपलब्ध होता. एनबीएत असे धावपटू प्रत्येक संघात असतात.

बचाव हा गुण नसून काम आहे, हे आपल्याकडील कबड्डीच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. चढाईवर आलेल्याला एकटा कोपरारक्षक क्वचितच धरून ठेवतो. तो पाय पकडतो, शेजारची साखळी मिटते आणि उरलेले धावून येतात. बास्केटबॉलमध्येही तेच आहे. आपला माणूस निसटला तर कोण पुढे सरकणार, त्याने सोडलेली जागा कोण भरणार, चेंडू चुकला की कोणाला अंगाने अडवायचे, हे पाचही जणांना आधी ठाऊक असावे लागते आणि ते शेकडो वेळा घोटावे लागते. ह्या कामाची नोंद होत नाही. चेंडू हिसकावणे आणि फेक अडवणे ह्यांची मोजदादसुद्धा एनबीएत १९७३-७४पासून सुरू झाली. सहकाऱ्याची रिकामी जागा भरणाऱ्याच्या नावावर तेव्हाही काही जमा होत नव्हते. जे काम नोंदले जात नाही ते करवून घेणे ही संघ चालवणाऱ्यांची जबाबदारी असते. त्यांनी ती टाकली की उरते ते पाच माणसांचे पाच एकटेपण, आणि त्यालाच आपण 'दम नाही' असे नाव देतो.

वेस्टहेड ह्यांच्यावर अन्याय करण्याचे कारण नाही. १९८०मध्ये लॉस अँजेलिस लेकर्सने विजेतेपद मिळवले ते त्यांच्याच हाताखाली. २००७मध्ये फिनिक्स मर्क्युरी ह्या महिला संघालाही त्यांनी वेगवान खेळानेच विजेते केले. एनबीए आणि डब्ल्यूएनबीए ह्या दोन्ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले प्रशिक्षक. पण ह्यातून सिद्ध होते ते एवढेच की, पद्धत पेलणारी माणसे असली तर पद्धत चालते. डेन्व्हरमध्ये माणसे घालवली गेली आणि पद्धत आणली गेली, आणि १९९२मध्ये वेस्टहेडही घालवले गेले.

ह्या साऱ्याचा सर्वांत बोलका पुरावा १९९४चा आहे. त्या वर्षी डॅन इसेल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली डेन्व्हरने ४२ सामने जिंकून कशीबशी बाद फेरी गाठली. समोर होता ६३ सामने जिंकलेला सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सचा संघ. पहिले दोन सामने हरूनही डेन्व्हरने पाच सामन्यांची मालिका ३-२ अशी जिंकली. आठव्या मानांकनाच्या संघाने पहिल्या मानांकनाच्या संघाला हरवण्याची एनबीएतील ती पहिलीच वेळ. १९९१मध्ये संघात आलेल्या डिकेम्बे मुटोम्बोने त्या मालिकेत ३१ वेळा प्रतिस्पर्ध्याची फेक अडवली. शेवटी जमिनीवर पडून दोन्ही हातांनी चेंडू डोक्यावर धरून हसणारा मुटोम्बो सर्वांना आठवतो. परंतु त्याच संघात रेजी विल्यम्स आणि महमूद अब्दुल-रौफ हेही होते. अब्दुल-रौफचे १९९३पूर्वीचे नाव ख्रिस जॅक्सन. हे दोघेही १९९०-९१च्या त्या 'एन्व्हर'मध्ये खेळलेले! मधल्या तीन वर्षांत त्यांच्या रक्तात कणखरपणा कोणी टोचला? कोणीही नाही. त्यांच्या पाठीशी आता बास्केट राखणारा एक माणूस होता आणि प्रत्येकाने कोठे उभे राहायचे हे ठरलेले होते.

प्रयोगाला माझा विरोध नाही. साहित्याच्या अध्यापकाला तो परवडणारही नाही. माझा आक्षेप आहे तो प्रयोगाचे श्रेय योजकाला आणि अपयशाचे खापर राबणाऱ्याला, ह्या वाटणीला. ही वाटणी आपल्या स्टाफरूममध्ये आपण रोज करतो. अभ्यासक्रम वर्षाच्या मध्यात बदलतो, मंजूर जागा रिक्त राहतात, ग्रंथालय पाचलाच बंद होते, आणि निकाल लागला की आपण चहाचा कप खाली ठेवत म्हणतो, 'हल्लीच्या मुलांत चिकाटीच नाही.' पुढच्या वेळी हे वाक्य ओठांवर आले तर त्याआधी निदान एवढे विचारावे : मैदानाच्या त्या टोकाला आपण त्यांच्यासोबत कोणाला उभे केले होते?