विश्लेषण : आशियाई महामार्ग नकाशावर अखंड, मग सीमेवर ट्रक का अडतो?

धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग आशियाई महामार्ग जाळ्यात ‘एएच ४७’ म्हणून नोंदलेला आहे, हे त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये ही कल्पना निघाली. करार अमलात यायला २००५ साल उजाडले. आज ३२ देशांतले १ लाख ४० हजार किलोमीटरहून अधिक रस्ते त्यात आहेत. एकटा ‘एएच १’ टोकियोहून भारतमार्गे तुर्कस्तान-बल्गेरिया सीमेपर्यंत जातो. अर्थात, कागदावर.

करारात आहे काय? मार्गांचे क्रमांक, फलक, मार्गिका आणि रुंदीचे निकष. परदेशी वाहनाला प्रवेशाचा हक्क मात्र नाही! तो शेजाऱ्यांशी स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. बांगलादेश, भूतान आणि नेपाळसोबत २०१५ मध्ये थिम्पूत तसा करार झाला, पण भूतानच्या संसदेत तो अडला. उरलेल्या तिघांनी पुढे जायचे ठरवले, तरी नियमावली रखडलीच. परिणामी पेट्रापोल ओलांडलेला आपला ट्रक पलीकडे बेनापोललाच माल उतरवून परत फिरतो. पुढे ढाक्याला माल नेतो तो दुसरा ट्रक. दुप्पट हमाली, वर खोळंबा. हा सगळा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्या माथी.

मोरेपलीकडे म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी बंडापासून संघर्ष पेटला आहे, तर अटारीचा दरवाजा २०२५ मध्ये बंद झाला. तिथे तूर्त उपाय नाही. बेनापोलला मात्र आहे. वाहन परवाना, विमा आणि सीमाशुल्काच्या सीलला दोन्हीकडे मान्यता हवी. नव्या किलोमीटरांच्या घोषणांआधी दिल्ली आणि ढाक्याने ते काम उरकावे.