तुरुंगाला अभ्यासकाचे भय का?

गुन्हा का घडतो, पकडला कोण जातो, शिक्षा कोणाच्या माथी येते, हे शोधू पाहणाऱ्या तरुण अभ्यासकांसाठी या देशाच्या गृहखात्यांनी तुरुंगाचे दार लावून घेतले आहे. आम्ही या धोरणाचा जाहीर धिक्कार करतो. तिहारमधील एका कैद्याच्या मुलाखतीवरून 2015 साली गदारोळ झाला, आणि लगोलग केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवले की संशोधन, माहितीपट, लेखन वा मुलाखती यांसाठी खासगी व्यक्तींना, संस्थांना, पत्रकारांना सहसा आत सोडू नये. चूक कॅमेऱ्याची ठरवली आणि शिक्षा शोधप्रबंधाला झाली! गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्याचा अर्ज तेव्हापासून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो. फिरता फिरता शिष्यवृत्ती संपते, मार्गदर्शक म्हणतात, ‘विषय बदल’, आणि विद्यार्थी विषय बदलतो.

हे कोणाच्या सोयीचे आहे? 2022च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार 220 माणसे होती. त्यांतली 4 लाख 34 हजार 302 कच्चे कैदी होती. म्हणजे दर चारांतल्या तिघांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. त्यांतल्या किती जणांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळाला नाही? किती जणांना आपला वकील कोण हेच ठाऊक नाही? ही उत्तरे मंत्रालयात बसून मिळत नाहीत. बराकीत बसून, एकेका माणसाशी तासन् तास बोलून ती मिळतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पातले कार्यकर्ते 1990पासून कोठड्यांत आणि कोर्टात अशाच माणसांसोबत काम करत आले आहेत. ते काम कोणत्याही गृहमंत्र्याच्या भाषणापेक्षा मोलाचे आहे. पण एका प्रकल्पाच्या खांद्यावर साऱ्या देशाचे ओझे टाकून सरकारे मोकळी झाली आहेत.

सरकार म्हणेल, आमच्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आहेत. कसले आकडे? ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे आकडे आहेत, घडलेल्या गुन्ह्यांचे नव्हेत. ठाणे अंमलदाराने जिची फिर्याद घेतली नाही ती बाई त्या तक्त्यात नाही. एकाच प्रकरणात चार कलमे लागली तर सर्वांत गंभीर तेवढे मोजायचे आणि बाकीची सोडून द्यायची, ही तिथली रीत. 2022चा अहवाल 2023च्या डिसेंबरात आला. 2017चा तर 2019च्या ऑक्टोबरात आला, आणि झुंडबळींची माहिती गोळा करूनही ती त्यात छापली गेली नाही. अमेरिकेत 1973पासून आणि ब्रिटनमध्ये 1982पासून घरोघरी जाऊन लोकांनाच विचारतात की तुमच्यावर कोणता गुन्हा झाला आणि तुम्ही पोलिसांकडे गेलात का. आपल्याकडे असे नियमित राष्ट्रीय सर्वेक्षण आजही नाही. पोलिसांच्या नोंदवहीवरून पोलिसांचेच यश मोजायचे आणि त्याला कायदा-सुव्यवस्था म्हणायचे, हा जनतेचा विश्वासघात आहे.

अभ्यासाविना शिक्षा चालते तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसे कोंडली आणि हजेरीला उभी केली. 1952 साली तो कायदा गेला, 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि गावाबाहेर पाल ठोकलेल्या पारध्याला पोलिसांच्या संशयातून सुटका मिळालीच नाही. गावात चोरी झाली की आधी त्याच पालावर धाड! जन्मावरून गुन्हा ठरवणाऱ्या या सिद्धान्ताला पुरावा कधीच नव्हता. तो होता फक्त अधिकाऱ्यांच्या डोक्यात आणि नियमपुस्तकांत. जातीवरून झाडूकाम आणि स्वयंपाक वाटून देणारे, विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार मानणारे तुरुंगांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते 3 ऑक्टोबर 2024 रोजी. स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी! आणि ते न्यायालयापुढे नेले कोणी? सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी. त्यांना आमचा मुजरा. पण गुन्हेशास्त्राचे विभाग, कुलगुरू, अभ्यासमंडळे एवढी वर्षे काय करत होती?

विद्यापीठांनाही आम्ही सोडणार नाही. महाविद्यालयातल्या शेदोनशे मुलांना सायबर गुन्ह्यांविषयी काय वाटते, याची प्रश्नावली भरून पदवी देणे ही पळवाट आहे. दार उघडले तर विद्यार्थी काय करतात ते दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने दाखवले. फाशीची शिक्षा झालेल्या 385 पैकी 373 कैद्यांविषयी तिथल्या चमूने कैद्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून माहिती मिळवली. 2016च्या अहवालात निघाले की त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. फाशीचा दोर गरिबाच्याच गळ्यात का पडतो, हा प्रश्न तेव्हा देशासमोर आकड्यांनिशी उभा राहिला. आरोपीची पार्श्वभूमी आणि मानसिक स्थिती खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयापुढे आली पाहिजे, असे 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात बजावले. असे संशोधन राज्याला गैरसोयीचे वाटते, म्हणूनच ते हवे.

याच मातीत औंधच्या संस्थानिकांनी 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी केली. भिंतीविना, बेड्यांविना कैद्यांना शेती करू दिली. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’मुळे ती जगाला ठाऊक झाली. एका छोट्या संस्थानाला कैद्यावर विश्वास टाकण्याची छाती होती. तिथून सुटलेल्यांपैकी किती जण पुन्हा गुन्ह्याकडे वळले आणि किती वळले नाहीत, याचा हिशेब महाराष्ट्र सरकारने लोकांपुढे ठेवावा.

आमची मागणी सरळ आहे. विद्यापीठाच्या नीतिसमितीने संमत केलेल्या संशोधनाला 60 दिवसांत परवानगी द्या, नाहीतर कारणांसह लेखी नकार द्या, आणि त्या नकाराविरुद्ध न्यायाधीशापुढे अपिलाची सोय करा. कैद्याची संमती आणि त्याची गुप्तता यांत तसूभर ढिलाई नको. पण तुरुंगाच्या अब्रूसाठी कोणाचीही टिपणवही जप्त होता कामा नये. मुख्यमंत्र्यांनी आणि गृहखात्याने हा आदेश येत्या अधिवेशनाआधी काढावा. तो निघेपर्यंत प्रत्येक आमदाराने सभागृहात विचारावे: गेल्या पाच वर्षांत किती संशोधकांनी तुरुंगाच्या परवानगीसाठी अर्ज केले, आणि त्यांतले किती मंजूर झाले?