वॉटर पार्क चालतो आईच्या भरवशावर

घसरगुंडी कोणीही उभारू शकतो. मात्र एकदा येऊन गेलेले कुटुंब पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आणणे, हीच या धंद्यातील खरी कसोटी आहे.

शाळांना सुट्टी लागली, की शहराबाहेरच्या हमरस्त्यांवर मोठमोठे फलक झळकू लागतात. निळेशार पाणी, पिवळी घसरगुंडी आणि खिदळणारे चौकोनी कुटुंब. वॉटर पार्क आता महानगरांपुरते राहिलेले नाहीत. मध्यम शहराच्या वेशीवर दहा-पंधरा एकर जमीन हाताशी असलेला बांधकाम व्यावसायिक, कारखानदार किंवा सधन शेतकरीही या धंद्याचा विचार करू लागला आहे. पाणी, पाइप आणि घसरगुंड्या, एवढाच तर मामला, असे त्याला वाटते. पण कर्जाचे हप्ते सुरू झाले, की हिशोब इतका सरळ नाही हे ध्यानात येते.

खरे गिऱ्हाईक कोण?

मुले हट्ट करतात, वडील पैसे मोजतात, पण जायचे की नाही हे बहुतेक घरांत आई ठरवते. तिच्या मनात घसरगुंडीच्या उंचीपेक्षा वेगळेच प्रश्न असतात. पाणी स्वच्छ असेल ना? कपडे बदलायच्या खोलीला नीट कडी असेल ना? सासूबाईंना बसायला सावली मिळेल का? अंगभर पोशाखात पाण्यात उतरू देतील का? चार वर्षांच्या धाकट्याला खेळायला काय? जो मालक नकाशा काढतानाच या प्रश्नांची उत्तरे शोधतो, त्याचा जाहिरातीचा अर्धा खर्च वाचतो. कारण अशा ठिकाणाची सर्वांत प्रभावी जाहिरात एक आई दुसऱ्या आईजवळ करत असते.

कोचीचा धडा

या धंद्यात कोचीच्या कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९७७ साली वडिलांकडून एक लाख रुपये उसने घेऊन त्यांनी व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायला सुरुवात केली. त्यांचे ‘व्ही-गार्ड’ हे नाव केरळच्या घराघरांत पोहोचले. २००० साली त्यांनी कोचीजवळ पल्लिक्करा येथे उद्यान सुरू केले, तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘वीगालँड’. घरातला फ्रिज सांभाळणाऱ्या यंत्राचे नाव ऐकून लोकांना हे ठिकाणही आपलेसे वाटले. नव्या धंद्याने जुन्या धंद्याची पत अशी कामी आणली.

पुढची पावले त्यांनी बेताने टाकली. दुसरे उद्यान बंगळुरूला २००५ मध्ये ‘वंडरला’ या नावाने उघडले, तर हैदराबादचे उद्यान २०१६ मध्ये. पाण्याच्या खेळांबरोबर कोरड्या जमिनीवरचे पाळणे आणि झुलेही ठेवले, म्हणजे थंडीतही फाटक उघडे राहील. अनेक खेळ कोचीतील स्वतःच्या कारखान्यात तयार केले. त्यामुळे दुरुस्तीसाठी परदेशी तंत्रज्ञाची वाट पाहण्याची वेळ कमी येते.

महाराष्ट्रातील खोपोलीच्या ‘इमॅजिका’ची कहाणी निराळी आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या भव्य उद्यानावर दीड हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. २०१४ मध्ये तेथे वॉटर पार्कही आला. खेळ दर्जेदार होते, लोकांना ते आवडलेही. परंतु गर्दी अंदाजाइतकी झाली नाही, व्याज मात्र दररोज चढत राहिले. त्यातच २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने हा कारभार हाती घेतला. शिर्डी आणि लोणावळा येथे वॉटर पार्क चालवण्याचा अनुभव या समूहाच्या गाठीशी होता. यातून घेण्यासारखा बोध एवढाच, की पार्क उन्हाळ्यात कमावतो, पण कर्ज बारा महिने खाते.

रविवारचे गणित

नव्या मालकाची पहिली चूक घसरगुंड्यांची संख्या मोजण्यात होते. एका घसरगुंडीवरून दर अर्ध्या मिनिटाला एक जण सोडला, तर तासाला १२० जण उतरतात. अशा आठ घसरगुंड्या आणि आठ तासांचा दिवस धरला, तर एकूण सुमारे ७,७०० फेऱ्या होतात. मे महिन्यातील रविवारी तीन हजार माणसे आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अडीच फेऱ्या येतील! बाकीचा वेळ तापलेल्या जिन्यावर रांगेत.

गर्दी सामावून घेतात ते लाटांचा तलाव, संथ वाहणारी ‘लेझी रिव्हर’ आणि लहानग्यांचा उथळ हौद. तेथे एकाच वेळी शेकडो माणसे रमतात. शिवाय आजी, आई आणि नातू एकत्र खेळू शकतात ते तेथेच. म्हणून पैसा आधी या तीन गोष्टींवर, सावलीच्या मांडवांवर आणि स्वच्छतागृहांवर खर्च करावा. नवी घसरगुंडी दोन वर्षांनी आणली, तर जाहिरातीला नवा विषयही मिळतो.

पाणी कोठून आणि कसे?

एक मिलिमीटर पाणी उडून गेले, की प्रत्येक चौरस मीटरमागे एक लिटर पाणी कमी होते. दख्खनच्या कडक उन्हात रोज आठ मिलिमीटर पाणी सहज उडते. म्हणजे हजार चौरस मीटरच्या तलावातून दिवसाला आठ हजार लिटर, जवळजवळ एक टँकर! एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा वर्षी शेजारच्या गावातील बायका डोक्यावर हंडे घेऊन चालत असतील आणि पार्कात कारंजी उडत असतील, तर कोणतीही जाहिरात मालकाची अब्रू वाचवू शकणार नाही. पावसाचे पाणी साठवणारे तळे, गाळून पुन्हा वापरण्याची यंत्रणा आणि सांडपाण्यावर वाढवलेली झाडे हा मूळ आराखड्याचाच भाग हवा.

स्वच्छतेबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. क्लोरीनचा उग्र वास आला, की पाणी शुद्ध आहे असे लोक समजतात. वास्तविक क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग झाला, की तो वास येतो आणि डोळे चुरचुरतात. पाण्यात मुक्त क्लोरीन दर दहा लाख भागांत १ ते ३ भाग आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, तेव्हापासून पालक अधिकच सावध झाले आहेत. हा अमीबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. क्लोरीनची मात्रा योग्य राखली, तर तो टिकत नाही. तेव्हा दर दोन तासांनी पाणी तपासून त्याचे आकडे फाटकाजवळच्या फळ्यावर लिहावेत. चार रंगीत फलकांहून हा एक फळा अधिक बोलेल.

विक्रमाचा मोह नको

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे २०१४ मध्ये जगातील सर्वांत उंच पाण्याची घसरगुंडी उभारण्यात आली. उंची १६८ फुटांहून अधिक. तिचा गाजावाजा जगभर झाला. २०१६ मध्ये तिच्यावर दहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. घसरगुंडी तेव्हाच बंद पडली आणि २०१८ मध्ये पाडून टाकण्यात आली. विक्रम विसरला गेला, अपघात मात्र लोकांच्या लक्षात राहिला.

सुरक्षिततेचे खरे माप जीवरक्षकांमध्ये असते. जीवरक्षकाने दहा सेकंदांत आपल्या सबंध भागावरून नजर फिरवावी आणि संकटातील माणसापर्यंत पुढच्या वीस सेकंदांत पोहोचावे, असा एक नियम या क्षेत्रात प्रचलित आहे. बुडणारे मूल ओरडत नाही, ते गुपचूप खाली जाते. म्हणून शिट्टी गळ्यात अडकवून मोबाइल पाहणारा पोरगा कामाचा नाही. प्रशिक्षित माणसे, त्यात काही महिला, आणि उन्हात ठरावीक वेळाने पाळी बदलणे आवश्यक आहे.

जाहिरात कशी असावी?

जाहिरातीचे पैसे गाडीने दीड-दोन तासांत येऊ शकणाऱ्या लोकांपुरतेच खर्चावेत. उद्घाटन ऐन मे महिन्यात न करता फेब्रुवारीत करावे. आधी कर्मचाऱ्यांची कुटुंबे आणि आसपासची गावे बोलवावीत, म्हणजे पंप, रांगा आणि स्वयंपाकघर यांची परीक्षा होते. आडवारी महिला मंडळांना आणि हिवाळ्यात शालेय सहलींना सवलत द्यावी. सहलीला आलेले मूल घरी जाऊन जे सांगते, ते उन्हाळ्यात आईवडिलांना खेचून आणते.

दर मात्र सरळ सांगावा. तिकिटावरचा जीएसटी २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण तो धरून एकूण किती हे फलकावर लिहिलेले नसेल, तर गिऱ्हाईक फसवल्यासारखे चिडते. पोशाखाचे भाडे, लॉकरची अनामत, साध्या पाण्याच्या बाटलीचे पैसे अशा फटींमधून चौघांचे बजेट कधी गळून जाते ते कळत नाही. घरचा डबा फाटकावर काढून घ्यायचा असेल, तर आत निदान वरणभात रास्त दरात मिळाला पाहिजे.

आधुनिक वॉटर पार्कचे जनक मानले जाणारे जॉर्ज मिले यांना १९७७ मध्ये ऑरलँडो येथे काढलेल्या ‘वेट अँड वाइल्ड’मध्ये पहिल्या वर्षी तोटाच सोसावा लागला होता. पुढे तोच पार्क जगभरातील मालकांसाठी नमुना ठरला. नव्या मालकानेही पहिल्या वर्षी गल्ल्यापेक्षा तक्रारवही अधिक वाचावी. तिच्यात एखाद्या आईने लिहिलेली खोलीच्या तुटक्या कडीची तक्रार त्याच संध्याकाळी दूर झाली, तर पुढच्या उन्हाळ्यात ती आपल्या बहिणीचे कुटुंबही सोबत घेऊन येईल.