छत कापडी, मालकी पक्की

१९९८ साली बाजारात आलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी उघडी गाडी वर्षभर चालवायला जुनी घेते म्हटलं, तर डोंबिवलीत सल्ले सुरू : ‘बाईमाणसाला उघडी गाडी? पावसाळ्यात? बरं, निदान नवऱ्याच्या नावावर घे!’

पावसाला उपाय आहे. कापडी छत, काचांची रबरं, फायबरखालच्या सांगाड्याचा गंज तपासायचा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी नव्याने झाली आहे का, ते पाहायचं.

धास्ती पावसाची नाहीच, बाई उघड दिसण्याची आहे. लोकलमध्ये आम्ही रोज चेंगरतो, तेव्हा ही काळजी कुठे असते?

मैत्रिणींनो, गाडी कुठलीही घ्या. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी स्वतःच्याच नावावर करा. पैसे तिचे आणि मालकी त्याची, हे आता पुरे!