अभिनंदन राहूनच गेलं

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. लिहायचं होतं ते एकाच विषयावर, आणि त्या विषयावर आमच्या घरात आत्ताआत्तापर्यंत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. परवा भाचीच म्हणाली, "लिही गं मावशी, फक्त नावं घालू नकोस." तेव्हा नावं नाहीत. घरचे वाचतातच, त्यांना कळेल कोण ते.

१ ऑगस्ट २०२४ ला तिला मुलगा झाला. तारीख दिली होती ऑक्टोबरच्या मध्याची. म्हणजे जेमतेम २९ आठवडे भरलेले, वजन ११०० ग्रॅम. रक्तदाब वाढत चालला होता, डॉक्टर म्हणाल्या आता थांबता येणार नाही, आणि दोन तासांत सिझेरियन झालंसुद्धा. बाळ तिला दाखवलं न दाखवलं तोच वरच्या मजल्यावर एनआयसीयूत गेलं. आपल्याकडे म्हणतात तसं, काचेच्या पेटीत. तिला खाली बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवलं. तिथे बाकीच्या बायकांच्या शेजारी पाळणे, हिच्या शेजारी पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी. दर पाळीला नवीन आयाबाई यायच्या आणि विचारायच्या, "बाळ कुठाय?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. मी काय विचारलं असेल? वजन किती, डॉक्टर काय म्हणतात, आणि दूध येतंय का. नंतर हाच प्रश्न मी रोज विचारला. मीच नाही, सगळ्यांनी. सासूबाईंनी, माझ्या बहिणीने, चुलत सासूने सांगलीहून फोन करून. दूध येतंय का? किती? एवढंच? रडू नकोस हं, दूध आटेल. म्हणजे रडायचीही बंदी.

पेढे वाटले नाहीत. पाचवी पुजली नाही. बारसं "घरी आल्यावर बघू". शेजारी सांगितलं नाही, कारण दृष्ट लागेल, आणि खरं कारण (जे कुणी बोललं नाही) असं की उद्या काही झालं तर सांगत कोण बसणार. एक आजी तर म्हणाल्या, सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलंच जगत नाही, तेव्हा काळजी नको. ही समजूत चुकीचीच आहे, जितके दिवस जास्त भरतील तितकं बाळाला चांगलं. पण त्या बिचाऱ्या निदान काहीतरी चांगलं बोलल्या.

तेविसाव्या दिवशी आम्ही दोघी एनआयसीयूबाहेरच्या स्टीलच्या खुर्च्यांवर बसलो होतो. भाची समोरच्या चपलांच्या रॅककडे बघत म्हणाली, "मावशी, मला अजून कुणी अभिनंदनच केलं नाही गं." रडली नाही वगैरे. जशी एखादी यादीतली राहिलेली वस्तू सांगावी तशी बोलली.

मला उत्तर सुचलं नाही. मुलगा झाला होता हो, एरवी आमच्या घरात काय थाट असता!

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे की आपण त्या बाईला आई धरतच नाही. बाळ आजारी आहे एवढंच धरतो, आणि ती बाळाच्या भेटीला आलेली कुणीतरी. घरचे तसं धरतात आणि दवाखानाही तसंच धरतो.

दवाखान्याचं आधी सांगते. दारावर पाटी होती: नातेवाइकांनी भेटण्याची वेळ सकाळी ११ ते ११.३०, संध्याकाळी ५ ते ५.३०. आईसाठी वेगळी पाटी नाही, म्हणजे आई ही नातेवाईक. आणि गंमत बघा, आत बाळाच्या पायाला जो पट्टा असतो त्याच्यावर आईचंच नाव. बेबी ऑफ अमुक. बापाला तिथे कुणी विचारत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर, दुधाच्या डबीवर, बिलावर, सगळीकडे आईचं नाव, आणि तिला मात्र अर्धा तास. पाचव्या दिवशी तिला घरी सोडलं. मग पोटाला टाके असलेली बाई रोज दोनदा रिक्षाने खड्ड्यांतून यायची, बांगड्या-मंगळसूत्र काढून कोपरापर्यंत हात धुवायची, अर्धा तास उभी राहायची, आणि परत. मधला वेळ त्या खुर्चीवर. घरी रात्री दर तीन तासांनी गजर लावून दूध काढायचं. पहिल्या आठवड्यात डबीच्या तळाला आठ-दहा मिलिलिटर असायचं. बाळाला ते नळीने, सुरुवातीला एकेक मिलिलिटर. एवढ्याशासाठी सगळ्या घराने तिला वेठीला धरलं होतं.

तिथल्या सिस्टर वाईट होत्या असं मुळीच नाही. एकेका सिस्टरकडे चार-पाच बाळं, दर थोड्या वेळाने कुठलं ना कुठलं यंत्र वाजतंय, कारण इतकी लहान बाळं श्वास घ्यायचा विसरतात अधूनमधून. संध्याकाळच्या पाळीच्या एक सिस्टर तिला "या आई" म्हणायच्या आणि साडेपाचनंतरही दहा-पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघायच्याच नाहीत. भाची म्हणते, त्या "या आई"वर मी दिवस काढले.

आता, "आत गर्दी झाली तर बाळांना जंतुसंसर्ग होतो" हे आम्हाला सांगितलं गेलं आणि मी ते मुकाट मान्य केलं. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की गोष्ट इतकी सरळ नाही.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली एका सरकारी प्रसूतिगृहात पेट्या कमी पडायच्या. तेव्हा एडगर रे सानाब्रिया आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी बाळांना आयांच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभं बांधायला सुरुवात केली. कांगारूसारखं. आईच्या अंगाची ऊब हीच पेटी. पुढे बरीच वर्षं असं चाललं की आधी पेटी, आणि बाळ स्थिर झालं की मग कांगारू. २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत तो केला होता, भारतातलं म्हणजे दिल्लीचं सफदरजंग. १ किलो ते १.८ किलोच्या आतली ३२११ बाळं. अर्ध्यांना जन्मल्यापासूनच शक्य तितका वेळ आईच्या छातीशी ठेवलं, अर्ध्यांना स्थिर झाल्यावर. पहिल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं गेली, दुसऱ्यात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. आणि संसर्ग? तोही पहिल्या गटात कमीच.

हे सगळं जमलं कशामुळे, तर आईची खाट एनआयसीयूच्या आत होती म्हणून. ओली बाळंतीण आत, तिचं तपासणं-औषधं आत, आणि बाळ तिच्या अंगावर. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही शिफारसच केली. आपल्या केंद्र सरकारनेही २०१७ साली सरकारी नवजात कक्षांसाठी सूचना काढल्या होत्या की आईवडिलांना आत घ्या, हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत शिकवा, कामाला लावा. म्हणजे जिल्हा रुग्णालयासाठी कागदावर का होईना ही सोय आहे, आणि आम्ही रोजचे हजारो रुपये मोजत होतो तिथे खुर्ची आणि अर्धा तास.

जागा नाही, माणसं नाहीत, ही अडचण खरी आहे. एका रात्रीत खाटा आत येणार नाहीत हे मलाही कळतं. पण एक आरामखुर्ची? दिवसात चार तास? आमच्याकडे चौथ्या आठवड्यात कांगारूला परवानगी मिळाली, रोज एक तास. त्या एका तासाने जे झालं ते डिंकाच्या लाडवांनी झालं नव्हतं. दूध वाढलं. बाळाचा बापही बसायला लागला, शर्टाची बटणं उघडून, आधी फार लाजत. :)

दुधावरून आठवलं. पहिल्या दिवसांत भाचीचं पुरत नव्हतं तेव्हा डॉक्टरांनी दूधपेढीतलं दूध सुचवलं. घरात खळबळ. "कुणाचं दूध?" अहो, मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. दात्या आयांची तपासणी होते, दूध पाश्चराइझ होतं, मगच दिलं जातं. आपल्याकडे पूर्वी शेजारची ओली बाळंतीण पाजायचीच की! शेवटी सही भाचीने केली. "माझं बाळ आहे," म्हणाली. त्या दोन महिन्यांत तिने आवाज चढवलेला मला तेवढाच आठवतो.

आता आपलं, म्हणजे नातेवाइकांचं. मी स्वतःला वगळत नाहीये. त्या तेविसाव्या दिवशी मी खाली उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो पेढे आणले आणि पहिला तिच्या तोंडात घातला. "अभिनंदन," म्हटलं, उशिरा का होईना. वॉचमनला दिला, तर तो म्हणाला, "मुलगा का? कुणासारखा आहे?" ती जी बोलायला लागली! नाक बापाचं आहे, उजव्या कानावर लव आहे, कापूस लावताना भुवया चढवतो. तेवीस दिवस हे सगळं तिच्याकडे होतं आणि आम्ही ग्रॅम विचारत होतो.

मग मी एक केलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं की बातमी रोज रात्री ९ वाजता मी देईन, भाचीला किंवा जावयांना कुणी फोन करायचा नाही. थोडे रुसवेफुगवे झाले. (काका, तुम्ही वाचताय माहीत आहे, पण दिवसाला सतरा फोन म्हणजे फार झाले.) वजन ग्रुपवर टाकणं बंद केलं. ते शेअर बाजारासारखं खालीवर होतं आणि पन्नास माणसांचे श्वास त्याला टांगायची गरज नाही. बहिणीने अळिवाची खीर आणि शेक-शेगडी घरी पुन्हा सुरू केली, कारण बाळ घरात नसलं तरी ही बाळंतीणच होती ना! आणि ज्यांना "काही लागलं तर सांग" म्हणायची सवय आहे त्यांना नेमकी कामं दिली. त्या मुलीला काय लागतंय ते सुचायचीही ताकद नव्हती. कुणी मंगळवारचा डबा, कुणी पंपाच्या बाटल्या उकळायच्या, कुणी फक्त संध्याकाळी शेजारच्या खुर्चीवर बसायचं, न बोलता.

अनंत चतुर्दशीला रस्ते बंद. रिक्षा मिळेना. भाचीचा दीर, तेवीस वर्षांचा पोरगा, बर्फाच्या डब्यात दूध घेऊन ढोलताशांच्या पथकांमधून वाट काढत चालत गेला. त्याने आतापर्यंत एकदाही "दूध येतंय का" विचारलं नव्हतं, असं ती नंतर सांगत होती.

रजेचंही बोलायला हवं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, ठीक. हिचे आठ आठवडे त्या खुर्चीवर गेले. बाळ घरी आलं तेव्हा उरले अठरा. बाळंतपणातून आईलाच आजारपण आलं तर महिनाभर जादा मिळते. बाळ आत आहे म्हणून मात्र काही नाही. बापाला त्याच्या कंपनीने पाच दिवस दिले होते आणि खासगी नोकरीत तेवढेही द्यायचं कायद्याने बंधन नाही. मला वाटतं, बाळ घरी येईल त्या दिवसापासून रजा मोजावी. हे कुणी ऐकणार नाही, तरी लिहून ठेवते.

२६ सप्टेंबरला सोडलं, १८५० ग्रॅम. पितृपक्षात बाळ आणू नका असंही एक मत घरात आलं. भाचीने ते ऐकून घेतलं आणि बाळाला घेऊन आली.

आता तो सव्वा वर्षाचा आहे, आणि दिवाळीत नवीन प्रश्न सुरू झाला: "अजून चालत नाही?" अशा मुलांचं वय पहिली दोनेक वर्षं ठरलेल्या तारखेपासून मोजायचं असतं, डॉक्टरही तसंच मोजतात. म्हणजे तो आत्ता कुठे वर्षाचा झालाय. धरून उभा राहतो, टीपॉयवरचं सगळं खाली पाडतो. येत्या रविवारी येणार आहेत सगळे इकडे. ज्यांना यायचं त्यांनी या, पेढे ठेवलेत.